चाळीसच्या वेगाला

बेळगाव,
रविवार, दि. २ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. बसवंतमामा यांस,
स्वरूपाचा शि. सा. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. आपला सौरव गेल्यापासून साडेतीन वर्षांत आमच्या आप्पांच्या आणि त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे आपल्या, अशा दोन घरांत बोलणे नाही आणि आमचा फोन आपण घेत नाही. अशा वेळी घरातल्या सर्वांत धाकट्या मुलीने कागद पाठवावा, हे रीतीला धरून नाही. मी दोनदा काकतीच्या बसथांब्यावर उतरले. एकदा आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंतही आले. आपल्या दारात आत्या तांदूळ निवडत बसलेली दिसली आणि तशीच परत फिरले. समोर उभे राहून मला हे बोलता येणार नाही. लिहिता कदाचित येईल.

मी आता इथल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पदार्थविज्ञान. दहावीपर्यंत सगळे मराठीतून शिकल्यामुळे अकरावी-बारावीची दोन वर्षे इंग्रजीने फार छळले. कोश मांडीवर घेऊन वाचत असे. आता जमते. आपण उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आहात, तेव्हा ही गोष्ट आपल्याला माझ्यापेक्षा लवकर समजेल म्हणून लिहिते.

मामा, त्या दिवशीचे सगळे आपल्याला कोणीच सांगितलेले नाही. दहावीला मराठी माध्यमात मी तालुक्यात पहिली आले, म्हणून गल्लीच्या मंडळाने माझ्या अभिनंदनाचा फलक करायला टाकला होता. सहा फूट बाय चार फूट, लोखंडी चौकटीवर ताणलेला, त्यावर माझा फोटो. सौरव सुट्टीला आमच्याकडे सदलग्याला आला होता. तो आणि आमचा नागराजदादा फलक आणायला मोटारसायकलवरून निपाणीला गेले. ठरलेला टेंपो आला नाही आणि सत्कार चार वाजता होता. तेव्हा सौरवने मागे बसून फलक गाडीवरच धरून आणायचा असे ठरले आणि दुकानातून त्याने मला फोन केला. मला तो मास्तरीण म्हणत असे, ते आपल्याला ठाऊक आहेच. मास्तरीणबाई, तुमचा फोटू उभा धरू का आडवा, असे त्याने हसत विचारले.

मी म्हणाले, आडवा धर. डोक्यावर, पाटासारखा सपाट.

वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात मी वाचले होते, की चालत्या वस्तूला हवा अडवते, आणि वस्तूचे जेवढे अंग वाऱ्यासमोर येईल तेवढी ती जास्त अडवते. उभा फलक म्हणजे चोवीस चौरस फुटांची भिंत. आडवा धरला, तर समोर येते ती चौकटीची फक्त एक इंचाची धार. हे मी त्याला फोनवर समजावूनसुद्धा सांगितले, मोठ्या ऐटीत. तो म्हणाला, लई शानी हाईस बघ तू.

जे सांगितले ते खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. उरलेले अर्धे मी यंदा शिकले. सपाट पत्र्याची पुढची कड जराशी जरी वर झाली, तरी वारा त्याच्या खाली शिरतो आणि नुसता अडवत नाही, उचलतो. कालव्याच्या पुलाच्या उंचवट्यावर गाडीचे पुढचे चाक वर चढले, त्याबरोबर फलकाची कड वर झाली आणि फलकाने सौरवला मागे ओढून घेतले. दवाखान्यात तो दोन दिवस होता. ते दिवस मी आपल्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त छळते. फलक उभा धरला असता, तर निपाणी सोडतानाच वाऱ्याने सौरवचे हात भरून आले असते आणि दादाला गाडी हळू चालवावीच लागली असती. मी वारा चुकवून दिला. त्यामुळे वाटेत त्यांना काही जाणवलेच नाही.

दादाने माझे नाव ना पोलिसांत घेतले, ना घरात. दिवाळीला मी त्याला विचारले, तेव्हा म्हणाला, तू सोळा वर्षांची हुतीस, तुला कशाला त्यात वढायचं. त्याने जबाबात गाडीचा वेग चाळीस सांगितला आहे. येत्या वीस तारखेला दादावरच्या खटल्यात आपली साक्ष आहे आणि दादा बेदरकार चालवत होता असे आपण सांगणार, असे कळते. शिक्षा झाली, तर त्याची नुकतीच लागलेली नोकरी जाईल. तसे सांगण्याआधी दोष कुठून सुरू झाला हे आपल्याला माहीत असावे, एवढ्याचसाठी हे लिहिले. मला क्षमा करावी, असे मागत नाही.

आत्येला हे वाचून दाखवावे की नाही, हे आपण ठरवावे. आपला लोभ उरला आहे असे धरून चालण्याचा मला अधिकार नाही. उरला असेल, तर तो तेवढाच राहू द्यावा.

आपली,
स्वरूपा

⁂

काकती,
शुक्रवार, ता. ७-११-२०२५

चि. स्वरूपास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं, मग मशीनमागं उभं राहून परत दोनदा वाचलं. माझा हात लेथवर चालतो, कागदावर न्हाय. चुकलंमाकलं समजून घे.

तुझ्या आत्येला वाचून दाखवलं न्हाय. ती अजून एका माणसाचा भात जास्त टाकती आणि मग कुत्र्याला घालती. तिला काय वाचून दाखवू?

तू आडवा धर म्हणालीस. म्हणालीस तर म्हणालीस. पोर सोळा वर्षांची हुती, फोनवर बोलली. त्यासाठी मी तुझ्यावर राग धरणार न्हाय आणि धरला तर तो माझा मला. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट तू हळूच बाजूनं नेलीस. वेग चाळीस हुता असं तू लिहिलं न्हाईस. नागराजनं तसं सांगितलंय, असं लिहिलंस. शानी हाईस.

आता माझं ऐक. तुझ्या बानं माणूस पाठवला, घरातली गोष्ट हाय, मऊ बोला म्हणून. तुमच्या वकिलानं निरोप दिला. मी कुणालाच उत्तर दिलं न्हाय. त्या टायमाला पोलिसांना मी सांगितलं, की नागराज कायम गाडी पळवतो. ते मी रागानं सांगितलं. माझ्या डोळ्यांनी मी बघितलेलं नव्हतं. खोटं सांगून कुणाच्या पोराला आत घालायचं पाप मला नको. पण माझं पोर वाऱ्यानं नेलं, असं सगळ्यांसमोर म्हणायचं आणि ते खरं नसलं, तर तेबी नको.

तर ही माझ्याकडची वस्तू. चौकट पोलिसांनी नेली, पण दवाखान्यात सौरवची कापडं दिली त्यात सुतळी हुती. तंबाखूची पोती शिवायची, तसली. फलक हातातनं निसटू नये म्हणून त्यानं चौकटीच्या दोन बाजूंना दोन फासे बांधून त्यात मनगटं घातली हुती. कुणाचं डोकं, देवाला ठावं. निपाणीच्या दुकानात बांधलं म्हणतात. दोन्ही फासे तुटलेत. त्यातला चांगला राहिलेला तुकडा मी कारखान्यात वजनं टांगून बघितला. तीन वेळा. एक पदर साडेसतरा ते अठरा किलोला तुटतो. म्हणजे दोन्ही मिळून पस्तीसच्या पुढं.

आता तू गणित कर. तुझी विद्या त्यातलीच हाय. सहा बाय चारचा फलक, कड वर झालेली, गाडी चाळीसनं. एवढ्या वाऱ्याला ही सुतळी तुटती का न्हाय? एवढंच सांग. तुटती म्हणालीस, तर मी कोर्टात उभं राहून सांगीन, की पोराची चूक न्हाय, वारा लागला. न्हाय म्हणालीस, तर मग बघू. तू लिहिशील ते मी दुसऱ्या कुणाला विचारायला जाणार न्हाय. माझा तुझ्या शिक्षणावर भरवसा हाय. तुझ्या भावाचं तुझ्यावर सोडतो, हे मला कळतंय. पण दुसरं कुणी दिसंना.

थंडी पडायला लागलीय. होस्टेलात पांघरूण जाड घे. तुझ्यावरची माया कुठं गेली न्हाय, एवढं समज.

तुझा मामा,
बसवंत

⁂

सदलगा,
शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मंगळवारी मिळाले. उत्तराला तीन दिवस लावले, त्यातला एकच गणिताला लागला.

हवेचा जोर वेगाच्या पटीत वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट होतो. आपल्याकडची हवा, फलकाचे क्षेत्रफळ आणि कड वर झाल्यावरचा तिरकेपणा धरून मी हिशेब केला. तिरकेपणा नेमका किती होता हे कोणालाच माहीत नाही, म्हणून पुलाच्या चढाला जेवढा जास्तीत जास्त होऊ शकेल तेवढा धरला. दादाच्या बाजूने झुकता धरला, असे म्हणा. चाळीसच्या वेगाला तो जोर सुमारे चौदा किलोचा येतो. पासष्टला सदतीस.

बुधवारी मी हा कागद घेऊन घरी आले. आप्पा म्हणाले, तुला भाऊ एकच हाय आणि कागदावरचा आकडा काय देवानं लिवलेला न्हाय. आईने मला ताट वाढले आणि ती उठून आत गेली. आप्पांचे म्हणणे अगदीच वेडे नव्हते. एक पळवाट खरोखर होती. सुतळी वाऱ्याने तुटली नसेल, सौरव पडताना त्याच्या वजनाच्या हिसक्याने तुटली असेल. मग वेग चाळीस असला तरी चालते. ते वाक्य मी नीट, शास्त्रशुद्ध लिहून काढले होते. आपण ते मानले असते. आपण तसा शब्दच दिला होता.

दादा गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. त्याला मी दोन्ही दाखवले, आकडे आणि ते वाक्य. तो बराच वेळ वाचत राहिला, मी त्याला अभ्यासाचे काही कधी वाचताना पाहिलेले नाही. मग म्हणाला, की ते हिसक्याचं खोड. पुलावर चढताना मागं सुतळी काडकन तुटलेली त्याने ऐकली होती, आधी डाव्या हाताची. तो मागे ओरडला, की सोड रं फलक. सौरव म्हणाला, की स्वरीचा फोटू हाय, फाटंल. उजवा फास तेव्हा शाबूत होता, त्यानेच त्याला ओढून नेले आणि मग तुटला. वेग किती होता, असे मी विचारले नाही. त्यानेच सांगितले. म्हणाला, पासष्ट हुता गं, जरा वरच. चार वाजायला आलते. मग म्हणाला, की लिही.

मी त्याला विचारले, की मामांना तूच का सांगत नाहीस. तो म्हणाला, तोंडानं जमंना म्हणून तर चाळीस म्हणालो.

हे वाचून आपण काय कराल, ते मी विचारणार नाही. साक्षीत आपण वेगाचे सांगाल, तर आडवा धरण्याचा सल्ला कोणी दिला तेही सांगावे. माझे नाव, वडिलांचे नाव आणि वय सोबतच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. आकडेमोडीचा कागदही जोडला आहे. तो आपण कुणाला दाखवणार नाही असे म्हणालात, पण मी सांगते, दाखवावा. माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या कुणाला दाखवावा आणि माझी चूक निघाली तर मला जरूर कळवावी. आयुष्यात प्रथमच माझे गणित चुकावे असे मला वाटते आहे. मी ते चार वेळा तपासले.

मामा, चाळीसच्या वेगाला ती सुतळी तुटत नाही.

आत्येला नमस्कार. आपली माया आहे, असे आपण लिहिलेत. हे वाचून झाल्यावर त्या मायेचे काय करायचे, ते आपल्याच हाती सोपवते.

आपली,
स्वरूपा

सदलगा टपाल कार्यालयात रजिस्टर केले : शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.