समोरच्या दुकानाची राखण

इंदापूर, गुरुवार

प्रिय सोनम,

तुला आणि तुझ्या नाकावर मुक्काम ठोकून बसलेल्या त्या रागाला, दोघांनाही माझा नमस्कार. पत्र बघून हसशील. फोनच केला असता गं, पण फोनवर मी पेठेचं नाव काढलं की तुझ्या घरचं दूध उतू जायला लागतं. एवढं दूध अख्ख्या काटेवाडीतल्या गोठ्यांतही उतू जात नसेल. व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहावं तर तू एक अंगठा दाखवतेस आणि मोकळी होतेस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला सौरभ उद्या मालासाठी बारामतीला निघालाय, त्याच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, वाटेत काटेवाडीला उतरायचं आणि ती पाकीट फोडेपर्यंत उंबऱ्यातून हलायचं नाही.

सोमवारी तुझे दीर ज्ञानेशभाऊजी येऊन गेले. चहा घेता घेता, फरशीकडे बघत म्हणाले, की तुझं बांगड्यांचं दुकान खताच्या व्यापाऱ्याला द्यायचं ठरलंय, त्याला तिथं गोदाम करायचंय, आणि येत्या सोमवारी विसाराचे आगाऊ पैसे घ्यायचेत. खरं सांगते, माझा चहा तसाच निवून गेला. माझ्या कापडदुकानाच्या दारातून समोर बघितलं की तुझं दुकान, तुझ्या आधी तुझ्या आईचं, बनाबाईंचं. माझा लग्नाचा चुडा बनाबाईंनी त्याच ओट्यावर भरला होता. तिथं खताची पोती लागणार, आणि दिवस मावळला की त्या जागी नुसता काळोख. पण घाबरू नकोस, विकू नकोस असं सांगायला मी हे लिहीत नाही. दुकान तुझं, निर्णयही तुझा. मी फक्त सगळं सांगणार आहे, आणि तू एकदा तरी शेवटपर्यंत ऐकणार आहेस.

गेल्या श्रावणातली ती संध्याकाळ तू कुणालाच पुन्हा सांगत नाहीस, म्हणून मीच लिहिते. मी मामेबहिणीच्या बाळाच्या बारशाला निरवांगीला गेले होते. पेठेतले दिवे गेलेले, सगळ्यांनी शटर खाली ओढलेली. एक माणूस बायकोसाठी हिरव्या बांगड्या बघायला म्हणून तुझ्या ओट्याशी आला आणि माप दाखवताना त्यानं तुझ्या गळ्यातल्या गंठणालाच हात घातला. तू पडलीस, हातातल्या बांगड्या फुटून मनगटात शिरल्या. तू ओरडलीस, आणि एकही शटर वर गेलं नाही. बाकीच्यांचं तू सोडून दिलं असतंस. पण तुझ्या भिंतीला भिंत लागून हिंदुरावआबांचं भांड्यांचं दुकान. तुझी छकुली रांगायला शिकली ती त्यांच्या घागरींमधून, आणि तुझ्या डब्यातली भाजी चाखल्याशिवाय त्यांनी स्वतःचा डबा कधी उघडला नाही. आबांनी सगळ्यांना सांगितलं, मी तर लवकर घरी गेलो होतो. तू मात्र मला दवाखान्यात एकच वाक्य बोललीस, "संजू, आबांच्या शटरखाली कंदिलाचा उजेड हुता." पेठ म्हणाली, घाबरलेल्या माणसाला काय वाटेल ते दिसतं. त्यानंतर तू कुलूप घातलंस आणि काटेवाडीला दिरांकडं राहायला गेलीस. गंठण गेलं त्याचं तुला काहीच नव्हतं. तुला खोटं पाडलं, ते तुला सोसलं नाही. मलाही सोसलं नव्हतं, पण माझ्या भांडण्यानं काही झालं नाही.

तू गेल्यावर पेठेला एकदम जाग आली. जाग म्हणजे काय, तर सगळ्यांनी कॅमेरे बसवले. आमच्या मंडळींची हुशारी तुला ठाऊकच आहे. प्रत्येकानं कॅमेरा बसवला आणि त्याचं तोंड वळवलं स्वतःच्या गल्ल्याकडं. दिवाळीच्या तोंडावर भर दुपारी सौरभची नवीकोरी मोटरसायकल पेठेतून चोरीला गेली. सगळे छाती पुढं काढून चित्रण बघायला बसले. मिठाईवाल्या सोनबांच्या कॅमेऱ्यात सोनबा स्वतःच्याच दुकानातली बर्फी खात होते. किराणावाल्या सिंधुबाईंच्या कॅमेऱ्यात त्यांचा नवरा तोंड उघडं टाकून झोपला होता. माझ्या कॅमेऱ्यात मी एका बाईला तिची लांबी-रुंदी न बघता ब्लाऊजपीस पुरेल म्हणून शपथेवर सांगत होते. पेठ कुणाच्याच कॅमेऱ्यात नव्हती. हवालदारांनी सगळं शांतपणे बघितलं आणि एवढंच विचारलं, "ह्यात रस्ता कुठं हाय?" त्या दिवशी मी हसले नाही असं सांगितलं तर तुला पटणार नाही, म्हणून सांगत नाही.

मग मी बैठक बोलावली. मी म्हटलं, कॅमेरे फिरवा, ज्यानं त्यानं समोरच्याचा ओटा राखायचा. तर काय गोंधळ झाला म्हणून सांगू! माझं गिऱ्हाईक कोण ते समोरच्याला कळेल, माझ्याकडं माल कधी उतरतो ते कळेल, उधारीला कोण बसतं ते कळेल. सोनबा म्हणाले, समोरचा राखणार म्हणजे समोरचाच चोर निघाला तर? मी म्हटलं, तर निदान चोर कोण ते तरी ठाऊक असेल. शेवटी फिरवले. आणि समोरासमोरच्या दोन दुकानांनी एकमेकांना हाक मारल्याशिवाय शटर ओढायचं नाही, असंही ठरलं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना लाज वाटायची. आता ती हाक नाही आली तर माणसं दुकानाबाहेर येऊन बघतात. ज्या दोघांनी जागेच्या वादावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी अबोला धरला होता, तेसुद्धा रोज संध्याकाळी बोलतात, तेवढंच बोलतात, पण बोलतात. माझी मात्र पंचाईत झाली, कारण माझ्या समोर तुझं कुलूप. कुणी काही म्हणायच्या आत हिंदुरावआबा म्हणाले की संजीवनीला मी हाक मारीन. त्यांची जोडी वेगळी आहे, तरी ते दोन हाका मारतात. त्यांच्याशी मी धड बोलत नव्हते हे तुला ठाऊक आहे. हाकेला ओ तेवढी द्यायचे.

संक्रांतीला तर आम्ही कमालच केली. पेठेतली वाहनं बंद करून रस्त्यावरच हळदीकुंकू ठेवलं. कुणीही यावं, काही घ्यावं असं बंधन नाही, आणि कुंकू लावायला कुणाला वगळायचंही नाही, ही अट मी घातली. कळंब, निरवांगीपासून बाया आल्या. सोनबांनी तिळगूळ दिला, मी वाण म्हणून फॉल दिले, आणि आबा आपलं भांड्यांवर नावं घालायचं मशिन घेऊन रस्त्यात खुर्ची टाकून बसले. घरून भांडं आणा, नाव फुकट. तर बायांची ही रांग! आधी सगळ्या नवऱ्याचं नाव घालून घेत होत्या. मग एक म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, माझ्या तांब्यावर माझं घाला. त्यानंतर आबांच्या मशिनला उसंत मिळाली नाही. बांगड्यांसाठी आम्ही बाहेरून एक माणूस आणून तुझ्या ओट्यावर बसवला होता. निरवांगीच्या भामाबाईंनी त्याच्यापुढं हात केला, परत मागं घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या हाताची सवय सोनमला हाय. ती येईल तवा भरीन." बिचारा तो माणूस ओशाळला. मला तुझी इतकी आठवण आली की मी आत जाऊन उगाच गठ्ठे लावत बसले.

आता परवाचं सांगते. मंगळवारी दिवेलागणीला पुन्हा लाईट गेली. मी स्टुलावर चढून माळ्यावरचा अस्तराचा गठ्ठा ओढत होते, आणि अंधारात काहीतरी धप्पकन माझ्या मानेवर पडलं. नख्या रुतल्या. सोनम, मी अशी ओरडले की तो आवाज माझा आहे हे मलाच कळलं नाही. आणि मग मी शटरं ऐकली. खडाखडा, एकामागोमाग एक, वर जाणारी. सौरभ मोबाइलचा उजेड पाडत धावला, सोनबा पाकाचा झारा तसाच घेऊन आले, सिंधुबाईंच्या हातात तराजूचं वजन होतं. आणि या सगळ्यांच्या आधी, अनवाणी, हातात खलबत्त्यातला बत्ता, त्याला किमतीची चिठ्ठी तशीच लोंबकळतेय, असे हिंदुरावआबा माझ्या दारात उभे होते. या वयात ते इतकं धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. उजेड पडला तर काय, जांभळ्या ब्लाऊजपीसवर एक गाभण मांजर बसून आमच्या सगळ्यांकडं रागानं बघत होती.

पेठ हसून हसून लोळायची बाकी राहिली. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले, कारण मला तू आठवलीस. आबा हसले नाहीत. माझ्या पायरीवर बसले, बत्ता मांडीवर. मी पाणी दिलं. सगळे गेल्यावर त्यांनी तुझ्या कुलपाकडं बघितलं आणि म्हणाले, "संजे, सोनमला दिसला त्यो उजेड माझाच हुता. मी आतच हुतो." मी त्यांच्याशेजारी बसले. मग तेच सांगत गेले. तुझी किंकाळी ऐकून उठले होते, शटरच्या मुठीला हातही घातला होता, पण बाहेर चाकू असेल, चौघं असतील, या भीतीनं मूठ वर उचलली नाही. सकाळी कुणीतरी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं की घरी होतो, आणि मग रोज तेच खोटं सांभाळावं लागलं. "आज पाय आपसूक निघालं," म्हणाले, "त्या दिशी का न्हाय निघालं, ते मला अजून कळत न्हाय."

मला त्यांची कीव आली, आणि रागही आला, खोटं कशाला बोलू. मी त्यांना म्हटलं, हे मला सांगून भागायचं नाही. काल सकाळी पेठेच्या बैठकीत त्यांनी ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. तुला दिसला तो भास होता, असं सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणणारे सोनबा चहाच्या कपात बघत राहिले. शेवटी सिंधुबाई म्हणाल्या, आपण सगळेच त्या दिवशी आत होतो, आबांचा तेवढा उजेड दिसला. तेव्हा सगळ्यांच्याच माना खाली गेल्या. तुझं खरं होतं, सोनम. ते आता अख्ख्या पेठेनं ऐकलंय, आणि ऐकवणारी मी नव्हे, ते स्वतः आबाच आहेत.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. ते आबांनीच लिहायला लावलंय. रविवारी सकाळच्या एसटीनं ते काटेवाडीला येतायत, एकटेच. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. पेठेच्या वतीनं दुकान विकू नको असं सांगा, असं सौरभ त्यांना म्हणाला, तर त्यालाही नाही म्हणाले. त्यांना तुझ्यासमोर उभं राहून फक्त एकच गोष्ट सांगायचीय, आणि ती कोणती हे तुला आता ठाऊक आहे. अचानक दारात उभं राहिलं तर तिला दार उघडावंच लागेल, म्हणून आधी कळव, असं त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, "तिनं न्हाय उघडलं तरी तिचं बरोबर हाय. मी भाईरच बसीन जरा, आन् मागारी यीन." हे ऐकल्यावर माझा त्यांच्यावरचा राग गेला, तुझा जायलाच हवा असं मी म्हणणार नाही. सोमवारी विसार घे किंवा परत पाठव, मी तुझ्याशी तशीच भांडत राहीन. दार उघड असंही सांगत नाही. पण उघडलंसच, तर त्यांच्या चहात साखर घालू नकोस, डॉक्टरांनी बंद केलीय.

तुझीच,
संजू