लोंबणारी वायर

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी. वर्षातली चौथी. ताई फोनवर म्हणाली, या खेपेला निदान महिनाभर टिक, म्हणजे कुणी विचारलं तर मला काहीतरी सांगता येईल.
काम असं – खोदकामावरच्या पोकलेनचं इंजिन का कुरकुरतंय, ते लॅपटॉप जोडून वाचायचं. सहा महिन्यांचा कोर्स केलाय. त्यातले दोन कँटीनमध्ये गेले, ते इथे कुणाला माहीत नाही. सगळे मला ‘कॉम्प्युटर’ म्हणतात.
पोकलेन ठेकेदाराची, पण नऊ वर्षं चालवतायत ऑपरेटरकाका. चढताना दारावर थाप मारतात, घोड्याच्या पाठीवर मारावी तशी. आज मागचं झाकण उघडलं, तर इंजिनच्या वायरी नुसत्या लोंबतायत! बघवेना. (माझ्या खोलीत दोरीवर काय काय लोंबतं, ते बघवतं.) माझ्याकडचे निळे केबल टाय, म्हणजे प्लॅस्टिकचे बंद, काढले आणि सगळ्या वायरी चासीच्या, म्हणजे मशीनच्या सांगाड्याच्या, पट्टीला ताणून बांधल्या. शाळेतल्या रांगेसारख्या! काका बाजूला उभे राहून बघत होते. कौतुकच असणार.

मंगळवार, ४ मार्च
अकराला पोकलेनने मान टाकली. रेस पडली, बकेट अर्ध्यात लटकलं. लॅपटॉप म्हणतो – कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा सेन्सर बोलत नाही. सेन्सर बदलला. वीस मिनिटांत चालू. मी फारच हुशार दिसलो.

बुधवार, ५ मार्च
पुन्हा. पुन्हा बदलला.

गुरुवार, ६ मार्च
दोनदा. तिसरा सेन्सरही टाकला. इंजिन बंद करून मीटर लावला – वायर ठीक, सेन्सर ठीक. चालू केलं की तासाभरात बोंब. काका म्हणतात, भरलं बकेट उचललं की होतं. मी समजावलं, काका, सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो, बकेटमध्ये माती किती ते त्याला काय कळणार? ते हं म्हणाले. कोर्सवाल्या माणसासारखं बोललो मी.
दुपारी बंद पोकलेनच्या सावलीत बसून काकांनी त्यांच्या मोबाईलवर बुद्धिबळ शिकवलं. तीन डाव हरलो. दिवस वाईट नव्हता.

शुक्रवार, ७ मार्च
ठेकेदार येऊन गेला. याच्याकडे दोन फोन, दोन्ही कानांना एकेक. त्याने आम्हाला नेमकं सावलीत बसलेलं पाहिलं. काकांना म्हणाला, काम जड झालं की बरोबर मशीन आजारी पडतं, नाही का? मग मला – सेन्सर नवा आहे ना? मी म्हटलं, तीन टाकले, सेन्सरमध्ये काही दोष नाही.
खरं तेच बोललो. पण त्याचा अर्थ त्याने लावायचा तोच लावला.

शनिवार, ८ मार्च
सव्वादहाला पुन्हा बंद पडली. ठेकेदार हजर होताच. “खाली उतरा. परत चढू नका.” सगळ्यांसमोर. वर म्हणाला, मुद्दाम तारा उपसून मशीन बंद पाडणारे ऑपरेटर आपल्याला नकोत.
काकांनी डबा घेतला, किल्ली सीटवर ठेवली, दारावर थाप मारली आणि गेले. माझ्याकडे बघितलं नाही. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. स्क्रीन बंद होता.

सोमवार, १० मार्च
नवा ऑपरेटर – ठेकेदाराचा मेव्हणा. दिवसभर पोकलेन एकदाही बंद पडली नाही! ठेकेदार साइटभर सांगत फिरतोय, बघा, म्हातारा नाटकं करत होता.
म्हणजे काका खरंच...? जेवण गेलं नाही. (दोन पोळ्या गेल्या.)

बुधवार, १२ मार्च
डंपरवाला वैतागलाय. काका सहा बकेटांत डंपर भरायचे, मेव्हणे अकरा घेतात. अर्धं बकेट भरतात, ते पण गोंजारल्यासारखं. “हा माती खोदतोय की श्रीखंड वाढतोय?” डंपरवाला म्हणाला. हसलो. मग हसू अडकलं. अर्धं बकेट!

गुरुवार, १३ मार्च
मेव्हण्याला चहा पाजून पटवलं – एकच बकेट, पण काठोकाठ. मी शेजारी उभा, लॅपटॉप हातात. पाण्याचं तापमान चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी... बकेट उचललं आणि आकडा उणे चाळीस! इंजिनला हात लावला तर कातडं निघेल, आणि कॉम्प्युटर म्हणतो आत बर्फ आहे. वायर तुटली की असाच आकडा दिसतो. म्हणजे वायर तुटत होती, त्या एका क्षणापुरती.
झाकण उघडायला लावलं, लांबून बघत राहिलो. इंजिन रबराच्या पायांवर बसतं, जोर आला की कूस बदलतं. कूस बदलली की वायर ताणली जाते. ताणली की आतली तार सुटते. बंद केलं की परत जागेवर. म्हणून ती वायर लोंबती ठेवलेली असते! आणि चासीला तिचा गळा आवळून बसलाय एक निळा टाय. साइटवर बाकी सगळ्यांचे टाय काळे.

शुक्रवार, १४ मार्च
टाय कापला, वायर बदलली. कुणाला बोललो नाही. मेव्हण्याकडून दहा भरली बकेटं उचलून घेतली – ठणठणीत. ठेकेदाराने पाठ थोपटली. म्हणाला, कामचोर गेला आणि मशीन सुधारलं.
मी गप्प बसलो तर महिना टिकेन. ताई खूश. आणि काका, जे जीव तोडून बकेट भरायचे म्हणून पोकलेन बंद पडायची, ते जन्मभर कामचोर. रविवारची बस पकडून पळावं, असंही मनात आलं. पळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

शनिवार, १५ मार्च
ठेकेदाराला पोकलेनच्या केबिनमध्ये मेव्हण्याशेजारी उभं केलं. जुनी वायर परत लावून निळ्या टायने बांधली, भरलं बकेट उचलायला लावलं – बंद. टाय कापला – चालू. तीनदा दाखवलं. त्याचे दोन्ही फोन वाजत होते, त्याने एकही घेतला नाही.
“म्हणजे तू,” म्हणाला.
हो म्हटलं.
म्हाताऱ्याला मी उगाच... एवढं बोलून थांबला. ते वाक्य पुरं करण्यापेक्षा मला हाकलणं सोपं होतं. सामान उचललं. बारा दिवस. नवा विक्रम नाही, आधीच्या, गाळ्यातल्या नोकरीत नऊच दिवस टिकलो होतो.

रविवार, १६ मार्च
काकांच्या घरी गेलो. तिसरा मजला, दारात चपलांचा ढीग. काकूंनी बस म्हटलं नाही. काका सुईने शेगडीची भोकं साफ करत होते. कापलेला टाय पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.
सुई शेगडीवर ठेवून म्हणाले, “नऊ वर्षं ती वायर लोंबतच होती. तू बांधलीस तेव्हा मी बघत होतो. वाटलं, शिकलेला पोरगा आहे, काही कारण असेल.”
शिव्या दिल्या असत्या तर जिना उतरता आला असता नीट.

मंगळवार, १८ मार्च
बसथांब्यावर, बॅग मांडीवर. काकांचा फोन. काल ठेकेदार स्वतः घरी न्यायला आला होता. काकांनी चहा पाजून परत पाठवला. रस्त्यापलीकडच्या साइटवर लागलेत.
“इथलं मशीन पण मान टाकतं. कुणाला काही कळत नाही. येतोस? आणि ते निळे टाय आणू नकोस.”
बस आली. गेली.