रतन परत कधी येणार

लासुर्णे

प्रिय राजेश्वरी,

बारामतीत तुझा सत्कार झाला, हे मला पेपरातून कळलं. शाल छान दिसत होती. आपल्या वर्गातली पोरगी पुण्याच्या प्रयोगशाळेत मोठी शास्त्रज्ञ झाली, म्हणून माझ्या नवऱ्यानं, इकबालनं, दुकानात येईल त्याला तो फोटो दाखवला. नवरा माझा आणि कौतुक तुझं, हे आमच्याकडे लग्नापासूनच चालू आहे. बी.एस्सी. करून मी शेळ्या राखते, याचं मला वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण रोज नाही.

तुझं काम मात्र मला मनापासून आवडलं होतं. आमच्या अंगणात बसून तू समजावलंस, प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, ही पोरांची बेचकीच. दोन फाटे नेमकं एकच प्रथिन पकडतात आणि मूठ अंगातल्या बाकीच्या पेशींना हाक मारते. पण मूत्रपिंडाच्या पातळ कापावर ते प्रथिन कुठं आहे हे बघायचं असलं, की ही मूठच भलत्या जागी चिकटते आणि सगळंच चमकायला लागतं. म्हणून पपईच्या चिकातल्या रसानं मूठ तोडायची आणि सुटे फाटे तेवढे वापरायचे. कच्ची पपई लावून मटण मऊ करणाऱ्या घरातली मी, मला ते लगेच पटलं. या तुकड्यांसाठी तुला धडधाकट शेळी हवी होती. प्रथिन टोचायचं, मधूनमधून थोडं रक्त घ्यायचं, बस. तू रतनवर बोट ठेवलंस.

रतन काय होती, हे तुला ठाऊक होतं. सोहेल तान्हा असताना मला टायफॉइड झाला, दूध आटलं, आणि माझा लेक रतनच्या दुधावर वाढला. अशी शेळी आमच्या घरात खाटकाला देत नाहीत. ती म्हातारी होऊन दावणीलाच मरते. माझ्या सासूबाईंनी, अम्मीनं, तुला हे सांगितलं, तेव्हा तू त्यांचा हात हातात घेऊन म्हणालीस की काम झालं की रतन परत आणून सोडीन. त्यावर आम्ही तुला चहा पाजला आणि रतन गाडीत चढवली.

मग तुझा फोन आला, रतन तापानं गेली. तू रडलीस, मीही रडले. अम्मीला मात्र मला सांगवलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नणंदेकडे पुण्याला आले होते, तेव्हा रतनला कुठं पुरलं ते बघायला तुझ्याकडे आले. तू मीटिंगमध्ये होतीस. तुमच्या जनावरांचं बघणारा भीमा आपल्या निरवांगीचा निघाला. मला सगळं माहीत असणार असं समजून तो बोलत राहिला. म्हणाला, “शेवटाला समदं रगत काढून घेत्यात, ताई. आधी झोपवत्यात. तिला काय कळलं न्हाय.”

तिला कळलं नाही, मला कळलं. आजारी शेळीचं रक्त तू ठेवलंच नसतंस, म्हणजे तिला ताप आलाच नव्हता. गरज सरो, वैद्य मरो, हे जगात चालतंच. पण तू केसानं गळा कापलास, राजेश्वरी. ते रक्त गोठवून तुला वर्षानुवर्षं पुरेल, पेपरात तसंच छापलंय. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस. याचाच मला राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

तरीही मी हे पत्र लिहिलं नसतं. पण काल इकबाल खुशीत घरी आला. तू त्याला फोन केलास, नव्या प्रथिनासाठी रतनची लेक, आमच्याकडे राहिलेली पाठ, मागितलीस, आईसारखंच चांगलं रक्त ती देईल म्हणालीस. भीमाचं बोलणं मी त्याला सांगितलेलंच नाही, तो हो म्हणाला. गुरुवारी गाडी येणार आहे. अम्मीनं आज त्या पाठीला न्हाऊ घातलं, गळ्यात नवी घंटा बांधली. रतन तिथं एकटी आहे, आता मायलेकी एकत्र राहतील, असं त्या शेजारणीला सांगत होत्या. गाडी पाठवू नकोस. तू ये. अम्मीसमोर बस, रतनचं काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग, आणि मग तिची लेक माग.

आजवर तुझीच,
वहिदा