चौदावी खेळी

लायडन, ४ फेब्रुवारी १९९६

प्रिय शूर्ड,

बाबांची बुद्धिबळाची पुस्तकं तू सांगितल्याप्रमाणे क्लबला दिली. त्यांच्या आठ वह्या मात्र मी ठेवून घेतल्या. त्या मी एव्हर्टच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी वापरल्या हे तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

एव्हर्टचा प्रोग्रॅम मारामारीत कुणाला ऐकायचा नाही, पण शांत, लांबत जाणाऱ्या डावात बावचळायचा. समोर मुरलेला खेळाडू असला की काहीही वेडंवाकडं न करता हळूहळू हरायचा. म्हणून त्याला सुरुवातीच्या अशा खेळ्या पाठ करून द्यायच्या, की पट लवकर रिकामा व्हावा आणि अर्धा गुण पदरात पडावा. त्या निवडायचं काम माझं होतं. आणि बरोबरी कशी साधावी हे बाबांइतकं कुणाला कळत होतं? क्लबात त्यांना तीस वर्षं 'अर्धा गुण' म्हणूनच हाक मारायचे. मी वह्या मागितल्या तेव्हा म्हणाले, "ने. माणसांना झोपवून मी दमलो. आता तुझं यंत्र झोपवू दे."

हिवाळाभर मी एकेक खेळी तपासली. चौथ्या वहीत एक चूक सापडली. चौदाव्या खेळीला काळ्याने हत्ती सरकवावा, असं लिहिलं होतं. तसं केलं तर पांढरा उंटाचा बळी देऊन सरळ जिंकत होता. त्याऐवजी कडेचं प्यादं एक घर पुढे ढकललं की काही बिघडत नव्हतं. मी ते बदललं.

एप्रिलात हेगला माणसं विरुद्ध यंत्रं अशी ती स्पर्धा झाली. सहा डावांत माणसाचे तीन गुण झाले नाहीत तर त्याला पुढच्या वर्षी बोलावणं नाही. आई गेल्यापासून बाबा सूटला इस्त्री करायचे ते याच एका आठवड्यासाठी. पाच डावांत त्यांचे दोन गुण झाले होते, आणि शेवटच्या फेरीत गाठ पडली ती आमच्याच यंत्राशी. यंत्राच्या वतीने मोहरी हलवायला समोर मी.

बाबा पांढऱ्याने खेळले, वहीतल्या वाटेने, एकही खेळी न चुकता. चौदावी खेळी करून उठले, दोघांना कॉफी आणली आणि माझ्या बशीत स्वतःचं बिस्कीटही ठेवलं. इतके खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पडद्यावर उत्तर आलं. मी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

त्या प्याद्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. डाव चालू असताना बोलायचं नसतं, तरी हळूच विचारलं, "कधी बदललंस?"

"मार्चात."

"खेळी बरोबर आहे," ते म्हणाले. पुढच्या आठ खेळ्यांत पट रिकामा झाला आणि आम्ही बरोबरीवर हात मिळवले.

नोव्हेंबरात इतरांना बोलावणी आली. बाबांनी क्लबात जाणं सोडलं, मग गरम जेवण सोडलं. ओट्याशी उभ्या उभ्या पाव खायचे. जानेवारीत ताप छातीत उतरला, तेव्हा त्यांनी मला डॉक्टरला फोन करू दिला नाही. मी आणखी आग्रह करायला हवा होता की नाही, याचा हिशेब मला अजून लागत नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. दहनाच्या दिवशी एव्हर्टने हात पुढे केला, तेव्हा तू खिशातला हात काढला नाहीस. "तुझ्या डब्याने खाल्लं त्यांना," असं सगळ्यांदेखत म्हणालास. त्याने मान खाली घातली. शूर्ड, मार्चात ती चूक मी त्याला दाखवली होती. तो म्हणाला होता, "हिल्ड, तुझे बाबा असं चुकत नाहीत. हेगला आपल्याशी गाठ पडलीच तर म्हणून हे त्यांनी स्वतःसाठी ठेवलंय. असू दे की." मी म्हणाले, चुकीची खेळी माझ्या हातून जाणार नाही. आणि त्याला न सांगता बदलली. म्हणजे मला माहीत होतं. माझ्या डायरीतसुद्धा मी दहा महिने 'माहीत नव्हतं' असंच लिहीत आले. एव्हर्टला दोन ओळी लिही. मला नाही लिहिल्यास तरी चालेल.

तरीही तुझीच बहीण,
हिल्ड