सहा बोटं पाणी

मंगळवार, ३ मार्च

सहा बोटं! गेल्या महिन्यात चौदा होती. जुन्या बंद खाणीतलं पाणी बोगद्यातून बाहेर येतं, तोंडाशी फळी लावलीय, तिच्यावरून किती बोटं वाहतंय ते रोज लिहायचं. अकरा वर्षं हेच माझं काम. बाराच्या खाली कधी गेलं नाही. साहेब मात्र खूश. "चला, आटली एकदाची!" वरचा मोठा पंपही भंगारात काढणार म्हणे.

आटली कुठे? बोगदा तुंबलाय! बाहेर येत नाही ते आत साठतंय. हे कळायला साहेब व्हावं लागत नाही.

गुरुवार, ५ मार्च

शेजारच्या नव्या खाणीत दादाची टोळी आहे. दोन खाणींमध्ये कोळशाची जाड भिंत राखलीय, पलीकडचं पाणी अडवायला. आता पाणीच नाही म्हणून सोमवारपासून ती भिंत तासायची. दादाला सांगितलं तर हसला. "तू फार डोकं चालवतेस."

शुक्रवार, ६ मार्च

जुन्या खाणीत उतरायच्या विहिरीवर सिमेंटचं झाकण आहे. फोडून दोरी सोडली की पाणी किती चढलंय ते कळेल. फोडायला परवानगी हवी. परवानगीला पुरावा हवा. पुरावा झाकणाखाली! तीनदा गेले, तीनदा तेच. शेवटी साहेब म्हणाले, "फळी नीट बघत जा."

रविवार, ८ मार्च

बाबांना सांगायला नको होतं. बोगद्यातली विटांची कमान त्यांनी बांधलेली, तरुणपणी. तुंबलाय म्हटल्यावर असे तडकले! "माझी कमान पडली म्हणतेस? तू?" ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, उद्या दादा त्या भिंतीपाशी असेल. जेवले नाहीतच.

सोमवार, ९ मार्च

सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून माझ्याआधी ऑफिसात हजर. साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "मधल्या टप्प्यात मी चोरी केली. दोन थर सांगितले होते, एकच लावला. मागे लाकडं कोंबली. ती कुजली असणार. कमान गेली असणार."

पाच मिनिटांत फोन फिरले. दादाची टोळी वर आली. माझ्या अकरा वर्षांच्या वह्या कुणी उघडल्या नाहीत. बाबांच्या एका वाक्यावर सगळं हललं! आणि काल मलाच झापत होते. एवढी वर्षं कमानीच्या बढाया ऐकल्या आम्ही! लाज वाटली.

मंगळवार, १० मार्च

झाकण फोडलं. पाणी साठ हात चढलेलं. भिंतीला नुसती पहार लागली असती तरी— नको. लिहवत नाही. मोठा पंप चालू केलाय, खडखडतोय पण ओढतोय. दादा दिवसभर अंगणात बसून होता.

बुधवार, १८ मार्च

बाबांचे जुने गवंडी मित्र येईनासे झालेत. नाक्यावर कुणीतरी "एक थर" अशी हाक मारली. बाबा मान खाली घालून पुढे गेले. मला दया यायला हवी, रागच येतो. मीही आठ दिवस धड बोलले नाहीये त्यांच्याशी.

सोमवार, ३० मार्च

बोगदा मोकळा झाला. दरड कोसळली होती ती कमानीच्या बरीच पलीकडे, कच्च्या खडकात. कमानीची एकही वीट हललेली नाही. मी स्वतः आत जाऊन पाहिली. मुकादमाने एक वीट काढून दाखवली— मागे दुसरा थर. लाकूड कुठेच नाही.

धावत घरी येऊन बाबांना सांगितलं.

"मला काय सांगतेस? मीच बांधलीय."