राणीछाप रुपयांचा भाव

वसई, ता. ८ जानेवारी १९८०

चि. सौ. प्रेमलतेस, आबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

विहिरीवरची मोटार जळाली. मिस्त्री म्हणतो, दुरुस्तीत अर्थ नाही, नवी घ्या. तेव्हा तू सुचवलंस तसे तुझ्या आईच्या रुमालातले जुने चांदीचे रुपये बाहेर काढले. चांदीचा भाव सध्या गगनाला भिडलाय म्हणतात. माणिकपूरला दिवाकरशेठच्या पेढीवर गेलो. त्याने एकही नाणं न वाजवता सगळे लढाईच्या काळातले, निम्म्या चांदीचे ठरवले आणि एका नाण्याला चौदा रुपये सांगितले. मी रुमाल बांधून उठलो. तुझी आई असती तर तिने त्याला दुकानातच सोलून काढलं असतं. मला ते जमत नाही.

बाकी ठीक. ती गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, एवढंच. बाळूला पापा. आबाची आठवण ठेव.

आबा

नागपूर, ता. १९ जानेवारी १९८०

ती. आबांच्या सेवेशी, प्रेमलतेचे शि. सा. न. वि. वि.

दिवाकरशेठचा राग आला, आणि तुम्ही न भांडता उठलात याचं हसूही आलं. यांनी ओळखीच्या सोनाराला विचारलं. राणीछाप आणि जुने राजाछाप वेगळे करा, त्यांत चांदी भरपूर. लढाईतले वेगळे ठेवा. एकत्र दिलेत की सगळ्यांना हलका भाव लागतो. आधी रिकामा तराजू बघा, मग वजन डोळ्यांसमोर करायला सांगा. दोन-तीन ठिकाणी विचारा, लाजू नका. पण लांबवूही नका. पाण्यावाचून केळी काय आशीर्वादावर जगणार आहेत?

बाळूच्या परीक्षेमुळे मला येता येत नाही. तुम्ही शेठचं सगळं लिहिलंत, स्वतःच्या जेवणाचं एक अक्षर नाही. माया असू द्या, आणि नुसत्या चहावर झोपू नका.

प्रेमलता

वसई, ता. ११ फेब्रुवारी १९८०

चि. सौ. प्रेमलतेस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांगितलंस तशी नाणी वेगळी केली. विरारला विचारलं, वसई गावात विचारलं, पुन्हा माणिकपूरला आलो. तिथला तुळशीदास सराफ माणूस सरळ. रिकामा तराजू दाखवतो, एकेक नाणं दगडावर वाजवतो. राणीछापाला सव्वीस म्हणाला, इतर सराफांपेक्षा चार जास्त. पण घाई कशाला? परवा पुन्हा गेलो, कालही गेलो. मला बघितलं की खुर्ची पुढे ओढतो, चहा सांगतो, गुडघा कसा आहे विचारतो. रुपये कोणाचे म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तुझ्या आईचं माहेर, आमचं लग्न, सगळं सांगून झालं.

शेजारची उर्सुलाबाई कुंपणावरून ओरडून गेली की केळी पाणी मागतात आणि तुम्ही हिंडता कुठे. तिला भावातलं काय कळतं! पत्र टाकीत जा.

आबा

नागपूर, ता. २ मार्च १९८०

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.

चांदी उतरली. इथल्या पेपरात आलंय. उर्सुलामावशींच्या मुलीचं पत्र आलं, तेही वाचलं. अर्धी केळी पिवळी पडली आणि आबा रोज दुपारी टोपी घालून माणिकपूरला जातात, असं ती लिहिते. भाव चांगला मिळत होता, माणूस सरळ होता, वजन चोख होतं. मग आणखी कशाची वाट बघत होतात? ती बाग आईने हौसेने लावलेली आहे, आबा.

रागावून लिहिलं, माफ करा. लोभ कमी करू नका. उलट टपाली कळवा.

प्रेमलता

वसई, ता. १४ मार्च १९८०

चि. सौ. प्रेमलतेस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

रुपये तुळशीदासला विकले. राणीछापाला तेवीसचा भाव मिळाला. नवी मोटार बसवली, पाणी सुरू झालं. पिवळी पडलेली केळी गेली, बाकीची तगतील.

कशाची वाट बघत होतो, विचारलंस. भावाची नव्हे, पोरी. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत या घरात मला तोंड उघडायला कारण नसतं. रुमाल खिशात असला की मी गिऱ्हाईक. खुर्ची मिळते, दोन गोष्टी होतात. रिकाम्या हाताने सराफाकडे कोण जातं? विकले त्या दिवशी त्याने पैसे मोजून दिले, चहा पाजला, नमस्कार केला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुन्हा या म्हणाला नाही. त्याने तरी का म्हणावं?

काल दुपारी सवयीने टोपी घातली आणि ओटीवरच बसून राहिलो. रागावू नकोस. रागाचं का होईना, पत्र येऊ दे.

आबा

ता. क. तुझ्या सासरी जुनी नाणी असतील तर कोणाबरोबर तरी पाठव. विकायची नसली तरी चालेल. मी भाव काढून ठेवतो.