बाबांनी केलेली पाहणी

पांढुर्णा
१६ जानेवारी १९८४

चि. इंदूस,
सुधाकरदादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझं छिंदवाड्याहून धाडलेलं पत्र शनिवारी मिळालं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि नीट कळलं नाही असं सांगून तुझ्या उषावहिनीकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. कळलं सगळं होतं, फक्त पुन्हा ऐकायचं होतं.

आठ हफ्ते घरापासून लांब राहून धंदा करायला शिकायचं, हे मला अजून पचत नाही. आमच्या दफ्तरातल्या मुकुंदरावांच्या घरी तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले की दुकानात बसल्याशिवाय दुकानदारी येत नाही, फळ्यावर कुठली येऊन राहिली. मलाही तसंच वाटतं.

तू पापडांचं लिहिलंस. स्पष्ट लिहितो, राग मानू नको. पापड तू चांगले करशील. पण आपल्या घरचे पापड बाजारात कोण हातात घेईल? मी आठ वर्षं नगरपालिकेत बाबू आहे, जातायेता लोक नमस्कार करतात, तरी माझ्या टेबलावर ठेवलेला चहा दोघे जण अजून उचलत नाहीत. तू तिथं खर्ची पडशील आणि दुखावून परत येशील, ही भीती आहे.

तू अर्ज केलेल्या सौंसरच्या लिपिकाच्या जागेचा निकाल अजून नाही. बाबांचा सगळा जीव त्यात अडकला आहे. तिगावच्या रेल्वे गँगमध्ये तीस वर्षं त्यांनी रूळ ठोकले, ते आपण दोघांनी सावलीत खुर्चीवर बसावं म्हणून. माझी खुर्ची झाली, तुझी व्हायची आहे. थंडी फार आहे, शाल अंगावर ठेव. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा दादा
सुधाकर


छिंदवाडा
२३ जानेवारी १९८४

प्रिय दादास,
इंदूचा सप्रेम जयभीम. बाबांना आणि वहिनीला नमस्कार.

तुझ्या पत्राचा राग आला. दोन दिवस पेन उचललं नाही ते त्यामुळंच. तिसऱ्या दिवशी राग उतरला, कारण तू खोटं काहीच लिहिलं नव्हतंस. पापड मी मागे ठेवले आहेत. सोडलेले नाहीत, एवढं लक्षात असू दे.

इथं आम्ही बावीस जण आहोत, त्यांत चार मुली. श्रीधर सर शिकवतात. पहिल्याच हफ्त्यात त्यांनी प्रत्येकाच्या हातात डझनभर मेणबत्त्या देऊन बाजारात पाठवलं आणि सांगितलं की दहा दुकानांतून नकार ऐकल्याशिवाय परत यायचं नाही. मला बारा दुकानं हिंडावी लागली, कारण मधल्या दोघांनी मेणबत्त्या घेऊन टाकल्या. नकाराची सवय आपल्याला आहेच, असं मनात म्हणत निघाले होते. पण दादा, हे नकार वेगळे निघाले. कोणी म्हणे वात जाड आहे, कोणी म्हणे मेण पिवळं पडलंय, कोणाकडे आधीचाच माल पडून होता. त्यांना मेणबत्ती नको होती, माझ्याशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. चोवीस वर्षांत असा नकार मी पहिल्यांदा ऐकला आणि खोलीवर येऊन आनंदानं रडले. वहिनीला सांग, ती समजेल.

आता मी खडूवर आले आहे. पांढरी पावडर, पाणी, साचा आणि ऊन, बस्स. पाण्यात पावडर टाकायची, तर मी पावडरीत पाणी ओतलं आणि ढवळेपर्यंत अख्ख्या बादलीचा दगड झाला. सरांनी ती बादली वर्गाचं दार आपटू नये म्हणून दाराशी टेकवून ठेवली आहे. येणारा जाणारा माझं नाव विचारतो.

सर म्हणतात की वस्तू करण्याआधी घेणाऱ्याला विचारा. याला पाहणी म्हणतात. म्हणून तुझ्यावर एक काम टाकते. पांढुर्ण्याच्या आणि आसपासच्या शाळांत जाऊन एवढंच विचार: खडू कुठून येतो, कधी संपतो, कसा असतो आणि इथंच मिळाला तर घ्याल का. माझ्यासाठी सायकल मारशील ना? रागावलेल्या बहिणीवरची माया कमी करू नकोस.

तुझी
इंदू


पांढुर्णा
६ फेब्रुवारी १९८४

चि. इंदूस,
दादाचा सप्रेम जयभीम.

दोन दिवसांची रजा टाकून मी चौदा शाळा केल्या. रजिस्टरमध्ये तक्ता आखून नेला होता, म्हणजे कोणी माझ्या कामाला नावं ठेवणार नाही. चौदाच्या चौदा शाळांनी एकच उत्तर दिलं: खडू भरपूर आहे, उत्तम आहे, वेळेवर मिळतो, तक्रार नाही. एका हेडमास्तरांनी चहा पाजला, कपाट उघडून बंद पेट्या दाखवल्या आणि आमचं सारं बराबर चालू आहे, असंच वर कळवा म्हणाले. तर झाली पाहणी. खडूची गरज कोणालाच नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहून राहिलो ती बातमी. सौंसरची ऑर्डर आली. १ मार्चपर्यंत रुजू व्हायचं आहे. बाबांनी कागद डोळ्यांना लावला, मग शेजारच्या रामाजीकाकांना दाखवून आले, मग परत आणून ट्रंकेत ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा काढला. इतके खूश मी त्यांना माझ्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. तुझं प्रशिक्षण ३ तारखेला संपतं, म्हणजे शेवटचे चार दिवस बुडतील. बुडू देत. सरांना सांगून निघून ये. अशी जागा पुन्हा येत नाही, आणि आपल्या घरात तर माझ्याआधी ती मागूनही मिळाली नव्हती. भावाचं ऐक, एवढाच हट्ट आहे.

तुझा
सुधाकर


छिंदवाडा
१० फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप बाबांना,
इंदूचा सविनय जयभीम.

दादाचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले, फक्त सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं की भाऊ काय काम करतात आणि जाताना हातात काय होतं. दादा नगरपालिकेचा बाबू, काखेत रजिस्टर, खिशाला दोन पेनं. मास्तरांना वाटलं, वरून तपासणी आली. सरकारच्या माणसापुढे कोण कबूल करेल की आमच्याकडे खडू नाही? दादाला चौदा शाळांनी भिऊन उत्तरं दिली आणि त्यानं ती तितक्याच इमानदारीनं लिहून घेतली. त्याला माझ्या वतीनं रागावू नका. त्यानं रजा घालवली हे मी विसरणार नाही.

बाबा, तुम्ही जाल का? रजिस्टर नको, कागद नको. तुमची कापडी पिशवी घ्या आणि जिथं तिथं थोडं बसा. तुम्हाला कोणी घाबरत नाही, आणि तुम्हाला शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येतं.

या पाकिटात दोन कागद आहेत. एकात मी १ मार्चला रुजू होते असं लिहिलं आहे. दुसऱ्यात ही जागा मला नको असं लिहिलं आहे. दोन्हींवर माझी सही आहे. शाळांना खरंच गरज नसेल तर पहिला कागद सौंसरला पोचवा, मी त्याच दिवशी येईन आणि कधी तोंड वाकडं करणार नाही. गरज असेल तर दुसरा. तुमचं मन कुठं आहे ते मला ठाऊक आहे, पण या एका कामात मनाचं ऐकू नका, मास्तरांचं ऐका. तुमच्यावर एवढा भार टाकते, कारण तुम्ही काम कधी अर्धं केलेलं नाही. प्रकृतीला जपा, आणि लेकीवरचा हात काढू नका.

तुमची
इंदू


पांढुर्णा
२० फेब्रुवारी १९८४

चि. इंदूस,
दादाचा जयभीम.

तुझ्या पत्रामुळं घरात माझी बरीच शोभा झाली. उषा आता मला साहेब म्हणून हाक मारते आणि भाजीत मीठ बराबर आहे का ते वर कळवा म्हणते.

बाबा आठ दिवसांपासून सकाळी जेवून निघतात ते दिवे लागायला येतात. तिगाव, पांढुर्णा, मधली खेडी, कुठं पायी, कुठं पॅसेंजरनं, कुठं कोणाच्या बैलगाडीवर. आले की पिशवीतून काहीतरी काढून ट्रंकेत ठेवतात. काय विचारलं तर म्हणतात, पाहणी चालू आहे. दोन्ही कागद कोटाच्या आतल्या खिशात आहेत. मला दाखवत नाहीत. दिवस दहा उरले. मी रात्री नीट झोपत नाही, आणि ज्यांची तीस वर्षांची आशा पणाला लागली आहे ते बाबा घोरतात. काय होणार ते तेच जाणोत. तुझा अभ्यास कर.

तुझा
सुधाकर


पांढुर्णा
२९ फेब्रुवारी १९८४

चिरंजीव इंदूबाईस,
बापाचा जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. दादा लिहून देतो म्हणत होता, पण हे पत्र मीच लिहून राहिलो.

सतरा शाळा केल्या. पहिल्या दिवशी तिगावच्या शाळेत गेलो. लहानपणी त्या शाळेच्या ओसरीवर बसून मी दोन यत्ता शिकलो, आत बसू देत नव्हते. आता तिथल्या विनायक मास्तरांनी आत बोलावून खुर्ची दिली. माझी पोरगी खडू करायचं शिकून राहिली, ते चालतील का, एवढंच विचारलं. मग मला काही विचारावं लागलं नाही. त्यांनी टेबलाचा खण ओढला, त्यात नुसते तुकडे. खडू जुलैत एकदा येतो, दिवाळीपर्यंत पुरतो, पुढं सारं साल तुकड्यांवर. कोणी नागपूरला जाणार असलं की त्याच्या हातून मागवतात. सतरांपैकी तेरा शाळांत हेच.

दादाला ज्या हेडमास्तरांनी कपाट दाखवलं तिथंही गेलो. शिपाई गुणवंता माझ्या गँगमधल्या माणसाचा पोरगा. तो म्हणाला, काका, त्या पेट्या पावसात भिजलेल्या आहेत, लिहितच नाहीत, म्हणून तर भरलेल्या आहेत. प्रत्येक शाळेतून मी एक तुकडा आणला आहे, ते सारे या पत्रासोबत पुडीत धाडतो. काहींत खडे आहेत, ते फळ्यावर किरकिरतात. काही हातात धरताच मोडतात. तुझ्या सरांना दाखव, असा नको असं सांग. चार शाळांनी नको म्हटलं. तेही लिहितो, लपवत नाही. एका मास्तरांनी विचारलं की पावसाळ्यात वाळवाल कुठं. त्याचं उत्तर तू शोधून ये.

आठव्या नवव्या शाळेत मला समजून आलं की कोणता कागद द्यायचा. तरी मी थांबलो नाही, सतरा पुऱ्या केल्या, कारण मन मधेच तुझ्या खडूवर खूश होऊ लागलं होतं आणि तू मनाचं ऐकू नका म्हटलं होतंस.

काल सौंसरला गेलो. तिथल्या दफ्तरातल्या बाबूनं दुसरा कागद वाचला, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की पोरीचं लगन ठरलं का. नाही म्हटलं. मग तब्येत बरी नाही का. तीही चांगली आहे म्हटलं. मग कारण काय लिहू, असं तो वैतागून म्हणाला. मी सांगितलं, लिहा की उमेदवाराला वेळ नाही. त्यानं लिहिलं की नाही ते माहीत नाही, पण मी पोच घेतली आणि निघालो.

दादानं हे ऐकून अंगणातली मागची भिंत पायांनी मोजली आणि पत्रे टाकले तर साचे तिथं मावतील म्हणाला. त्याच्यावर राग ठेवू नको.

इंदूबाई, तुला खुर्ची मिळावी म्हणून मी तीस वर्षं राबलो आणि काल ती खुर्ची मीच परत करून आलो. मला वाईट वाटलं नाही. मला तुझा अभिमान वाटतो, आणि थोडा माझाही वाटला, ते लिहायला लाजत नाही. येताना बसमध्ये शेजारी लोधीखेड्याचा एक अनोळखी माणूस बसला होता. कुठून आले, असं त्यानं सहज विचारलं. मी त्याला सांगितलं की माझ्या मुलीचा खडूचा कारखाना आहे, त्याच्या कामानं फिरून राहिलो. अजून एक खडू झालेला नाही, तरी खोटं बोललो असं मला पांढुर्णा येईपर्यंत वाटलं नाही.

सगळे वर्ग पुरे करून ये. बापाला ध्यानात असू दे.

तुझा बाप
हिरामण